समुद्र चढला तेव्हा चर्चने काय केलं

मागच्या भागात आपण आपल्याकडच्या दुष्काळांचा इतिहास बघितला. आजची गोष्टही पाण्याचीच आहे, पण जास्त झालेल्या पाण्याची, आणि ती आपल्यापासून फार लांबच्या बेटांवरची आहे. हवामान बदलाच्या प्रशिक्षणात आपल्याला पाऊस, पीक, बियाणं याबद्दल सांगतात. त्यात देवाधर्माचा काय संबंध, असं तुम्हाला वाटेल. या बेटांवर तो संबंध इतका जवळचा होता की आधी देवाचा प्रश्न सोडवल्याशिवाय समुद्राबद्दल कुणाशी बोलताच येईना.

सुरुवात नोहाच्या गोष्टीपासून करते. बायबलच्या पहिल्याच पुस्तकात, उत्पत्तीमध्ये, ती आहे. माणसं फार माजली म्हणून देवाने जलप्रलय आणायचं ठरवलं. नोहा तेवढा भला माणूस होता. त्याला देवाने मोठं तारू बांधायला सांगितलं. नोहाने बायको, मुलगे, सुना आणि प्राण्यांच्या जोड्या तारवात घेतल्या, म्हणून सगळे वाचले. पाणी ओसरल्यावर देवाने वचन दिलं की पुन्हा कधीही पुराने पृथ्वी बुडवणार नाही, आणि त्याची खूण म्हणून ढगात धनुष्य ठेवलं. आपल्याकडे मनूची गोष्ट आहे, माशाच्या शिंगाला बांधलेल्या नावेची. कीर्तनात तुम्ही ती ऐकली असेल. इंद्रधनुष्याचं वचन मात्र नोहाच्या गोष्टीत आहे, आणि आज आपल्याला त्या वचनाशीच काम आहे.

आता जरा नकाशा डोळ्यापुढे आणा. मुलांच्या भूगोलाच्या पुस्तकात असतो तो. त्यात ऑस्ट्रेलियाच्या उजवीकडे आणि वर जो अफाट निळा पसारा दिसतो तो प्रशांत महासागर, म्हणजे पॅसिफिक. त्यात शाईचे शिंतोडे उडावेत तशी बेटं पसरली आहेत. फिजी, तुवालू, किरिबाटी ही त्यातल्या काही देशांची नावं. (लिहिताना किरिबाटी, पण तिथले लोक म्हणतात किरिबास.) फिजीत डोंगर आहेत. किरिबाटी आणि तुवालू मात्र जवळजवळ सपाट. प्रवाळाच्या खडकावर साठलेल्या वाळूची ती अरुंद पट्टी आहे, समुद्रापासून बहुतेक ठिकाणी दोन-तीन मीटर उंच. आपल्या घराच्या छपराएवढीसुद्धा नाही. आणि या दोन्ही देशांत जवळजवळ सगळी माणसं ख्रिस्ती आहेत. रविवारी गाव ओस पडतं, कारण सगळे चर्चमध्ये असतात.

तुवालूत ख्रिस्ती धर्म कसा पोचला ते ऐकण्यासारखं आहे. १८६१ साली कुक बेटांवरचा एलेकाना नावाचा एक चर्चचा सेवक आपल्या माणसांबरोबर होडीतून एका बेटावरून घरी निघाला होता. वादळ झालं, होडी भरकटली. आठ आठवडे ती समुद्रावर वाहत राहिली आणि शेवटी तुवालूच्या नुकुलाएलाए बेटाला लागली. एलेकानाने तिथल्या लोकांना जे माहीत होतं ते शिकवलं. गोरा मिशनरी, तोफा, गलबत, यातलं काही नाही. बुडता बुडता वाचलेला एक बेटकरी आला आणि त्याने देवाबद्दल सांगितलं, अशी तिथली आठवण आहे.

पण दोनच वर्षांनी, १८६३ साली, त्याच बेटावर पेरू देशाकडे मजूर पळवून नेणारी जहाजं आली. तुम्हाला देवाबद्दल शिकवतो, कामही देतो, असं सांगून त्यांनी लोकांना जहाजावर चढवलं. बेटावर सुमारे तीनशे माणसं होती, त्यातली अडीचशेच्या आसपास गेली. ती परत आली नाहीत. देवाचं नाव घेऊन येणारा प्रत्येक जण एलेकाना नसतो, हे त्या बेटाने फार लवकर बघितलं. तरी धर्म टिकला, वाढला, आणि पुढे गावचं सगळं चर्चभोवती बांधलं गेलं. लग्न, बारसं, शाळा, गावजेवण, वर्गणी, भांडणाचा निवाडा, सगळीकडे पाळकाचा शब्द. पाळक म्हणजे चर्चचा गुरू. आपल्याकडे सरपंच, शाळेचे गुरुजी आणि मंदिराचे महाराज तिघांना मिळून जेवढा मान आहे तेवढा तिथे एकट्या पाळकाला असतो, असं मी समजते.

आता समुद्राकडे येऊ. कोळसा, पेट्रोल, डिझेल जाळलं की जो वायू निघतो तो हवेत साठतो आणि पृथ्वीभोवती गोधडीसारखा बसतो. उष्णता अडकते. समुद्र तापतो, आणि तापलेलं पाणी थोडं फुगतं. शिवाय जमिनीवरचा बर्फ वितळून समुद्रात येतो. १९०० सालापासून जगभरात समुद्र सरासरी वीस सेंटिमीटर वर आलाय. वीत-सव्वा वीत. आपल्याला वाटेल, एवढंच ना? पण सपाट बेटावर वीतभर पाणी म्हणजे अमावास्या-पौर्णिमेच्या भरतीला लाट थेट घरात येते. त्यातही घरापेक्षा मोठं नुकसान जमिनीखाली होतं. या बेटांवर नद्या नाहीत. पावसाचं पाणी वाळूत मुरतं आणि खालच्या खाऱ्या पाण्यावर तरंगत राहतं, कारण गोडं पाणी हलकं. त्या पातळ थरावर विहिरी चालतात आणि त्याच ओलाव्यात खड्डे खणून तिथले लोक दलदलीतला कंद लावतात. आपल्या अळूच्या भावकीतलंच झाड, पण पुरुषभर उंच. समुद्राचं पाणी एकदा त्या खड्ड्यात शिरलं की पानं पिवळी पडतात, कंद कुजतो. मग पुढची कैक वर्षं तिथे काही धरत नाही.

शास्त्रज्ञ आणि सरकारी माणसं १९९० च्या आसपास हे सगळं सांगायला बेटांवर जाऊ लागली. लोकांनी ऐकून घेतलं, आणि बऱ्याच जणांनी विचारलं, देवाने नोहाला वचन दिलंय ना? मग समुद्र आम्हाला कसा बुडवेल? इंद्रधनुष्य तर दर पावसाला दिसतंय.

यावर हसू नका. मी बचत गटांचं काम बघते. पीक विमा काढायला सांगितलं की ‘जे व्हायचं ते होणार’ असं उत्तर आपल्याही बैठकांत मिळतं. पण त्या उत्तराकडे मी नुसता अडाणीपणा म्हणून बघत नाही. ज्याला गाव सोडून जायला दुसरी जागाच नाही, त्याने देवाचा शब्द धरून ठेवला तर त्यात नवल काय? बाहेरून आलेल्या तज्ज्ञांना हे कळलं नाही. ते आणखी आकडे, आणखी तक्ते घेऊन येत राहिले. ज्यांना कळलं ते तिथलेच पाळक होते. त्यांनी तीच गोष्ट पुन्हा वाचली. वचन देवाचं आहे, ते त्याने पाळलंय, हा पूर देव आणत नाहीये, असं त्यांनी सांगायला सुरुवात केली. हा पूर माणसं आणत आहेत, तीही लांबच्या श्रीमंत देशांतली. आणि दुसरं, नोहा हातावर हात धरून बसला नव्हता. देवावर विश्वास होता म्हणूनच त्याने पाऊस यायच्या आधी तारू बांधलं. गोष्ट तीच, पण आधी तिच्यामुळे माणसं बसून राहत होती, आता तीच ऐकून उठू लागली.

मार्च २००४ मध्ये किरिबाटीच्या तारावा बेटावर पॅसिफिकमधल्या चर्चचे लोक जमले. जागतिक चर्च परिषदेने ही बैठक बोलावली होती. तिथे जो ठराव झाला त्याचं नाव ‘ओटिन ताई’. आपली ताई नव्हे बरं का. तिथल्या भाषेत ताई म्हणजे सूर्य, आणि ओटिन ताई म्हणजे सूर्योदय. ठरावाचा गाभा असा की बेटांवर येणारं हे संकट माणसाच्या उद्योगांमुळे आलंय. बेटांचा त्यातला वाटा नगण्य आहे, आणि सोसायचं मात्र त्यांनाच आहे. श्रीमंत देशांनी धूर कमी करावा. त्या देशांतल्या चर्चनी आपापल्या सरकारांच्या आणि कंपन्यांच्या मागे लागावं. आणि बेटांवरच्या चर्चनी आपल्या लोकांना हे समजावून सांगावं. यातली मधली मागणी मला सगळ्यात हुशारीची वाटते. किरिबाटीची लोकसंख्या लाखभर. लंडन किंवा वॉशिंग्टनमध्ये त्यांचं कोण ऐकणार? पण लंडनमध्येही चर्च आहे आणि वॉशिंग्टनमध्येही. त्यांना ‘तुम्ही आमचे भाऊबंद म्हणवता ना, मग बोला’ असं म्हणता येतं. सोयरिकीच्या जोरावर काम करून घेणं आपल्याला नवीन नाही.

२००९ च्या डिसेंबरमध्ये डेन्मार्कच्या कोपनहेगन शहरात हवामानावर जगातल्या सगळ्या देशांची मोठी परिषद भरली. त्या वेळी जागतिक चर्च परिषदेने एक कार्यक्रम ठरवला. १३ डिसेंबरला, रविवारी, चर्चच्या घंटा ३५० वेळा वाजवायच्या. ३५० का? हवेच्या दहा लाख भागांत कार्बन डायऑक्साईडचे ३५० भाग इथपर्यंत निभावेल, असं काही शास्त्रज्ञांचं म्हणणं होतं, आणि तेव्हा आकडा ३८५ च्या पुढे गेला होता. सूर्य आधी पॅसिफिकमध्ये उगवतो, म्हणून सुरुवात फिजी आणि आसपासच्या बेटांपासून झाली. घंटा, ढोल आणि शंख. हो, शंख. तिथेही शंख फुंकतात. मग दिवस जसा पश्चिमेकडे सरकत गेला तसा तो नाद युरोपपर्यंत गेला. त्याच दिवशी दक्षिण आफ्रिकेचे आर्चबिशप डेस्मंड टुटू यांनी कोपनहेगनमध्ये लाखो लोकांच्या सह्यांचं निवेदन संयुक्त राष्ट्रांच्या अधिकाऱ्याच्या हातात दिलं.

परिषदेतून काय निघालं? कुणावर बंधन नसलेला एक कागद. तापमानवाढ दोन अंशांच्या आत ठेवू, असं मोठे देश म्हणाले. बेटं म्हणत होती दीड अंश, कारण दोन अंशांत ती उरत नाहीत. दीडचा उल्लेख खऱ्या अर्थाने यायला २०१५ चा पॅरिस करार उजाडावा लागला. त्याच वर्षी जूनमध्ये पोप फ्रान्सिस यांनी ‘लाउदातो सी’ नावाचं परिपत्रक काढलं, पृथ्वी आपलं सगळ्यांचं घर आहे हे सांगणारं, आणि जगभरच्या कॅथलिकांना या प्रश्नात उतरायला सांगितलं. त्याची चर्चा खूप झाली, व्हायलाच हवी होती. पण तारावाचा ठराव त्याच्या अकरा वर्षं आधीचा, हे फार कमी ठिकाणी लिहिलेलं सापडतं. मोठ्या गादीवरून बोललेलं पेपरात येतं, वाळूच्या पट्टीवरून बोललेलं येत नाही.

मधल्या काळात बेटांवरची तरुण मुलं गप्प नव्हती. ऑक्टोबर २०१४ मध्ये बारा बेटांवरची तीसेक मुलंमुली आपापल्या पारंपरिक होड्या घेऊन ऑस्ट्रेलियाच्या न्यूकॅसल बंदरात उतरली. हे कोळसा निर्यातीचं जगातलं फार मोठं बंदर. एवढाल्या जहाजांसमोर हाताने वल्हवायच्या होड्या आडव्या घातल्या आणि त्या दिवशी काही जहाजं अडवून दाखवली. ‘आम्ही बुडत नाही, आम्ही लढतोय’ असं ते सांगत होते.

आता मी ज्या भागासाठी हा विषय निवडला तिथे येते. ठराव होतात, घंटा वाजतात, आपल्या ग्रामसंघाच्या रजिस्टरमध्येही कितीतरी ठराव आहेत. पण पाणी खरंच दारात आलं तेव्हा चर्चने आपल्या ताटातलं काय दिलं?

पापुआ न्यू गिनी हा देश ऑस्ट्रेलियाच्या वर आहे. त्याच्या पूर्व टोकाला बोगनव्हिल नावाचं मोठं, डोंगराळ बेट. तिथून समुद्रात ८६ किलोमीटरवर कार्टरेट बेटं आहेत. १७६७ साली फिलिप कार्टरेट नावाचा इंग्रज दर्यावर्दी तिथून गेला म्हणून हे नाव पडलं. लोक आधीपासून राहतच होते. खडकाच्या कड्यावर माळेसारखी सहा छोटी बेटं, सगळी मिळून एक चौरस किलोमीटरसुद्धा भरत नाहीत. सगळ्यात उंच जागा दीड मीटर. वस्ती अडीच हजारांच्या आसपास. मासे, नारळ, केळी आणि तो दलदलीतला कंद यावर संसार.

तिथली एक रीत ऐका. जमीन आईकडून मुलीकडे जाते. बापाच्या नाही, आईच्या कुळाची. आपल्याकडे सातबाऱ्यावर बाईचं नाव लावायला किती चकरा माराव्या लागतात ते तुम्हाला सांगायला नको. तिथे बाईच जमिनीची धनीण. म्हणून जमीन समुद्रात जायला लागली तेव्हा पहिलं नुकसान बाईचं झालं. मुलीला द्यायचं काय?

सहापैकी हुएने नावाच्या बेटाचे समुद्राने मधोमध दोन तुकडे केले. लोकांनी शिंपल्यांच्या आणि दगडांच्या भिंती घातल्या, कांदळवन लावून बघितलं. खड्ड्यांतला कंद खारट पाण्याने गेला. तिथली जमीन आपसूक थोडी खचत असावी, असंही काही शास्त्रज्ञ म्हणतात, तेही सांगायला हवं. सगळा दोष एकट्या समुद्रावर टाकता येत नाही. पण चढता समुद्र आणि खचती जमीन यांच्या मधे सापडलेल्या बाईला कुठलं कारण किती टक्के याने काय फरक पडणार? तिच्या चुलीवर ठेवायला कंद नाही.

सरकारने १९८० च्या दशकात काही कुटुंबं बोगनव्हिलवर नेऊन वसवली होती. तेवढ्यात तिथे तांब्याच्या खाणीवरून युद्ध पेटलं, दहा वर्षं चाललं, आणि ती कुटुंबं परत बेटावर आली. पुढे २००७ मध्ये सरकारने स्थलांतरासाठी वीस लाख किना, म्हणजे तिथले पैसे, मंजूर केले. ते कचेऱ्यांमध्येच अडकून पडले. आपल्याला यात काही अपरिचित वाटत नाही.

त्याआधीच, २००६ मध्ये, बेटावरच्या वडीलधाऱ्यांच्या सभेने ठरवलं होतं की आता सरकारची वाट बघायची नाही. त्यांनी स्वतःची संस्था काढली. नाव ठेवलं ‘तुलेले पेइसा’. त्यांच्या बोलीत अर्थ होतो, आपलं आपण लाटांवरून जाणं. संस्था चालवायला उर्सुला राकोवा या बाईंना बोलावलं. त्या याच बेटांवरच्या. एका मोठ्या आंतरराष्ट्रीय संस्थेतली नोकरी सोडून त्या आल्या. हुएने, ते दोन तुकडे झालेलं बेट, त्यांच्याच आईच्या कुळाचं.

संस्था निघाली, माणसं तयार झाली, पण जायचं कुठे? पैसे नाहीत, आणि बोगनव्हिलवर मोकळी जमीन अशी नसतेच. प्रत्येक तुकडा कुठल्या ना कुठल्या कुळाचा. इथे चर्च आलं. बोगनव्हिलच्या कॅथलिक चर्चकडे वसाहतीच्या काळापासून मिशनचे नारळाचे मळे होते. त्यातले काही ओसाड पडले होते. त्यातला टिनपुट्झ भागातला ८१ हेक्टरचा, म्हणजे सुमारे दोनशे एकरांचा मळा चर्चने कार्टरेटच्या लोकांना दिला. आणखी काही ठिकाणच्या जागाही देऊ केल्या. विकत नाही, भाड्याने नाही, दिला.

कुणी म्हणेल, मिशनने ती जमीन मुळात तिथल्याच लोकांकडून घेतलेली, मग त्यात दान कसलं? प्रश्न बरोबर आहे आणि टिनपुट्झच्या लोकांच्या मनातही तो होता. कागद चर्चचा असला तरी शेजार त्यांचा, जंगल त्यांचं, वाट त्यांची. म्हणून राकोवा आणि त्यांच्या माणसांनी घाई केली नाही. बेटावरचे म्हातारे-म्हाताऱ्या, तरुण मुलं आधी पाहुणे म्हणून बोगनव्हिलला जाऊन आली. गावागावात बसून सांगितलं, आमच्याकडे काय झालंय, आम्ही का येतोय. रीतीप्रमाणे देणंघेणं झालं. काही गावांनी तोंडावर नाही म्हटलं. युद्धाच्या जखमा ताज्या होत्या, परक्याला जागा द्यायला माणूस घाबरत होता.

आपल्या भागातल्या धरणग्रस्त आयाबायांना विचारा, पुनर्वसनाच्या गावात पहिली दहा वर्षं कशी गेली. प्लॉट मिळाला, नंबर मिळाला, पण विहिरीवर शेजारीण बोलत नव्हती. कार्टरेटच्या लोकांनी ते आधी केलं, प्लॉटचं नंतर. मला या सगळ्या इतिहासातली हीच गोष्ट फार मोलाची वाटते.

२००९ मध्ये पहिले पाच कुटुंबप्रमुख मुलांना घेऊन टिनपुट्झला आले. आधी बागा लावल्या, मग घरं बांधली, मग बायका-लेकरं आली. प्रत्येक कुटुंबाला एक हेक्टर. खायला कंद, रताळी, केळी, आणि विकायला कोको, ज्याचं चॉकलेट होतं. सगळं गोडच झालं असं नाही. पहिल्या खेपेतली काही कुटुंबं परत बेटावर गेली. कुणाला डोंगर सोसला नाही, कुणाला समुद्राशिवाय करमेना. ठरवलेला आकडा सतराशे माणसांचा होता. प्रत्यक्षात त्याच्या आसपासही अजून पोचलेलं नाही.

याच्या शेजारी दुसरा एक व्यवहार ठेवते. किरिबाटीचे अध्यक्ष आनोटे टाँग यांनी जगभर फिरून आपल्या देशाचं गाऱ्हाणं मांडलं. २०१४ मध्ये त्यांच्या सरकारने फिजीच्या वानुआ लेवू बेटावर सुमारे वीस चौरस किलोमीटर जमीन घेतली. उद्या वेळ आली तर आधार म्हणून. ही जमीन होती अँग्लिकन चर्चची. चर्चने ती विकली, सुमारे ८८ लाख अमेरिकन डॉलरला. शिवाय त्या जमिनीवर आधीच माणसं राहत होती. सॉलोमन बेटांवरून शंभर-दीडशे वर्षांपूर्वी मळ्यांवर मजूर म्हणून आणलेल्यांची नातवंडं-पतवंडं. (आपल्या देशातले गिरमिटियेसुद्धा १८७९ पासून याच फिजीत उसाच्या मळ्यांवर गेले.) त्यांच्यासाठी थोडी जमीन राखली, बाकीची गेली.

चर्चलाही खर्च असतात, विकायचा त्यांना हक्क होता, हे मान्य. तरी एकीकडे बेटांसाठी घंटा वाजवायच्या आणि दुसरीकडे बुडणाऱ्या देशाकडून जमिनीची किंमत घ्यायची, हे माझ्या मनाला पटत नाही. आणि हा काही सगळ्या ख्रिस्ती लोकांवरचा ठपका नाही. उत्सवाला सढळ हाताने देणारे आणि दुष्काळात पाण्याचा टँकर विकणारे एकाच गावात असतात, आपल्याही.

त्याच वानुआ लेवूच्या जवळ राबी नावाचं बेट आहे, आणि तिथल्या लोकांना हे सगळं नवीन नव्हतं. बनाबा हे आता किरिबाटीत असलेलं बेट. १९०० ते १९७९ इंग्रज कंपनीने आणि मग ब्रिटन, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड यांच्या मंडळाने त्याची माती खतासाठी खणून नेली. त्या मातीच्या बदल्यात लोकांच्या नावावर जे थोडे पैसे जमले होते, त्यातूनच त्यांच्यासाठी राबी बेट विकत घेतलं. दुसरं महायुद्ध संपल्यावर, १५ डिसेंबर १९४५ ला, वादळाच्या मोसमात, त्यांना तिथे तंबूंमध्ये उतरवलं. हे लोकही चर्चला जाणारेच. म्हणून पॅसिफिकच्या चर्चनी २००९ मध्ये स्थलांतरावर वेगळा ठराव केला आणि हलवायचं झालं तर लोकांच्या संमतीने, मानाने, त्यांची भाषा आणि वस्ती न फोडता हलवा, असं मांडलं, तेव्हा ते कुठल्या पुस्तकातून आलेलं नव्हतं.

इंद्रधनुष्याचा वाद मिटला असंही समजू नका. २०१६ मध्ये किरिबाटीत सरकार बदललं. नवे अध्यक्ष तानेती मामाऊ म्हणाले, आपला देश बुडणार असं आम्ही मानत नाही, ही बेटं देवाच्या हातची आहेत. स्थलांतराची भाषा मागे पडली. फिजीतल्या त्या जमिनीवर आता चीनच्या मदतीने शेती करायची योजना २०२१ मध्ये पुढे आली. मामाऊंना मी लगेच चूक ठरवणार नाही. ‘तुमचं गाव बुडणारच’ असं रोज ऐकवलं की तरुण पोरं घर बांधत नाहीत, झाड लावत नाहीत. पण खड्ड्यातला कंद खारट झाला, हे देवाच्या हातावर ढकलून देता येत नाही. ते तारावाच्या ठरावाने वीस वर्षांपूर्वीच लिहून ठेवलंय.

टिनपुट्झमध्ये आता त्या कुटुंबांचा कोको धरू लागलाय. बेटावर मागे राहिलेल्यांशी त्यांनी नातं तोडलेलं नाही. आई-आजी अजून तिकडेच आहेत, कुळाच्या जागा तिकडे आहेत, मासेमारीचा हक्क त्यांनी सोडलेला नाही. बागेतलं जास्तीचं पीक, कंद, रताळी, केळीचे घड, होडीत भरून कार्टरेटला पाठवतात. समुद्र शांत असेल तर होडी काही तासांत पोचते. खवळलेला असेल तर थांबावं लागतं, आणि बेटावरच्या बायका तोवर नारळावर दिवस काढतात.